नवजात बाळाचे वजन आणि जड पाणी

नवजात बाळ कितपत सुदृढ आहे याचा पहिला अंदाज वजनावरून बांधला जातो. तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या चोरखमाऱ्यासारख्या गावात हे काम घरोघरी जाणाऱ्या आशाताईंकडे असते. बाळाला झोळीत निजवायचे, काटा शून्यावर असल्याची खात्री करायची, आकडा वहीत लिहायचा आणि तो अडीच किलोच्या खाली असेल तर त्या घरी जास्त लक्ष ठेवायचे. घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याची ही पद्धत शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात आकाराला आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ती ३९ गावांत राबवून पाहिली. बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि २०११ पासून ही पद्धत आशांमार्फत देशभर गेली.

झोळीचा काटा स्वस्त, टिकाऊ आणि बहुतेक वेळा पुरेसा असतो. मात्र तो हाड, स्नायू, पाणी आणि चरबी यांत भेद करत नाही.

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते पुण्यात दिसले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाचे वजन, लांबी, डोक्याचा, दंडाचा व पोटाचा घेर आणि कातडीच्या चिमटीची जाडी मोजली गेली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे ३.५ किलो होते, इथल्या बाळांचे सुमारे २.७. पण ही तूट सगळीकडे सारखी नव्हती. पोटाचा घेर आणि दंड फार मागे होते, तर पाठीवर खांद्याच्या हाडाखालची चरबी त्या मानाने जवळजवळ शाबूत होती. बाळ किरकोळ, तरी त्याच्यातला चरबीचा वाटा कमी नाही, असा हा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढ भारतीयांना तुलनेने कमी वजनातच मधुमेह का गाठतो, या प्रश्नाचा धागा त्यामुळे थेट जन्मापर्यंत गेला. २००९ मध्ये पुणे आणि लंडनच्या नवजातांच्या एमआरआय तपासणीतही पुण्याच्या बाळांच्या पोटात चरबी जास्त आढळली.

चिमट्याने मोजता येते ती फक्त कातडीखालची चरबी. सगळ्या शरीराचा हिशेब मांडायला दुसरी वाट आहे, ती पाण्याची. चरबीत पाणी जवळजवळ नसते. म्हणून शरीरातले एकूण पाणी कळले की चरबीखेरीज उरलेला भाग काढता येतो. हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये ड्युटेरियम हा जड हायड्रोजन शोधला आणि तीनच वर्षांनी हेवेशी व होफर यांनी ड्युटेरियमयुक्त, म्हणजे जड पाण्याच्या साहाय्याने माणसाच्या शरीरातले पाणी मोजले. १९५० च्या दशकात डेन्मार्कचे फ्रीस-हान्सेन यांनी वयानुसार पाण्याचे प्रमाण कसे उतरते हे मांडले. ड्युटेरियम किरणोत्सर्गी नाही. साध्या पाण्यातही दर सहा-साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतोच, त्यामुळे तान्ह्या बाळालाही ते देता येते.

प्रत्यक्ष कृती सोपी दिसते. आधी बाळाची लाळ किंवा लघवी घ्यायची, मग तोलून घेतलेले थोडेसे जड पाणी पाजायचे, आणि ते शरीरभर मिसळायला काही तास देऊन पुन्हा नमुना घ्यायचा. ड्युटेरियम जितके विरळ झालेले, तितके शरीरात पाणी जास्त. काही ड्युटेरियम पाण्याबाहेरच्या हायड्रोजनशीही अदलाबदल करते, म्हणून आलेल्या उत्तरातून सुमारे चार टक्के वजा करावे लागतात.

खरी अडचण पुढच्या भागाकारात आहे. प्रौढाच्या चरबीविरहित भागात सुमारे ७३ टक्के पाणी असते, नवजाताच्या सुमारे ८०. समजा, २.७ किलोच्या बाळात १.९ किलो पाणी निघाले. ८० टक्के धरल्यास चरबी ३२५ ग्रॅम, म्हणजे १२ टक्के येते. ७८ टक्के धरल्यास जेमतेम २६५ ग्रॅम. गृहीतकातल्या दोन टक्क्यांच्या फरकाने चरबीचा पाचवा हिस्सा गायब होतो. शिवाय पहिल्या काही दिवसांत बाळाचे पाणी उतरत असते, मधल्या वेळात आईचे दूध पोटात जाते, आणि पाजलेल्यातले चार थेंब ओठांतून ओघळले तरी शरीरातले पाणी जास्त आणि चरबी कमी दिसते.

यामुळेच अगदी कोवळ्या बाळांसाठी बंद पेटीतल्या हवेच्या विस्थापनावरून शरीराचे आकारमान मोजण्याची पद्धत पुढे आली. भारतासह सहा देशांत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संदर्भ-अभ्यासात जन्मापासून सहा महिन्यांपर्यंत ही पेटी वापरली गेली. ड्युटेरियमची मोजणी तिसऱ्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत ठेवण्यात आली.