नर्मदेच्या पैलतीरी

महेश्वरास जाणाऱ्या माणसाची दृष्टी अहिल्यादेवींच्या घाटावर जडते आणि बहुधा तेथेच राहते. हीच पुराणांतील माहिष्मती, असे आपण ऐकत आलो. सहस्रार्जुनाची कथाही कोणीतरी सांगतोच. परंतु श्रोतेहो, निमाडचा प्राचीन इतिहास समोरच्या तीरावर, नावडाटोलीत, अधिक स्पष्ट वाचावयास मिळतो. नावडाटोली म्हणजे नावाड्यांची वस्ती.

१९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. सुब्बाराव, डॉ. शां. भा. देव प्रभृतींनी येथील टेकाडे खणली. निघाले काय? राजवाडा नव्हे, मुद्राही नव्हेत. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या गोल व चौकोनी झोपड्या, त्यांच्या खांबांचे खळगे, चुन्याने सारवलेली जमीन, गारेच्या दगडाची बारीक पाती, थोडेसे तांबे. आणि जळून काळे झालेले धान्य: गहू, मसूर, मूग, उडीद, वाटाणा, जवस, तांदूळ मात्र पहिल्या थरात नाही, तो मागाहून आला. त्या गृहिणीच्या कोठीत आपल्या घरचे बहुतेक जिन्नस होते, हे ऐकून मला तरी सहस्रार्जुनापेक्षा तीच जवळची वाटते.

त्यांची भांडी फिक्या पिवळट वा नारिंगी रंगाची, वर काळसर नक्षी. एका पन्हळीच्या तोटीच्या वाडग्यावरून सांकलियांनी इराणशी नाते जोडले होते. ते अनुमान पुढे मागे पडले. या भांड्यांस 'माळवा भांडी' हे नाव मात्र कायम राहिले.

इंदूरच्या मराठी माणसास, 'तुम्ही दक्षिणेकडून आलेले' असे अधूनमधून ऐकावे लागते. अठराव्या शतकापुरते ते खरेच आहे. पण हीच माळवा भांडी पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावास आणि प्रवरेकाठी दायमाबादेस सापडली आहेत, आणि तीही तेथील वस्तीच्या जुन्या थरांत. पेशव्यांच्या फौजा नर्मदा ओलांडण्यापूर्वी तीन हजारांहून अधिक वर्षे, माळव्याचे शेतकरी आपले धान्य व मडकी घेऊन दक्षिणेस उतरले होते.

दायमाबाद ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील चौंडीस अहिल्यादेवींचा जन्म झाला. २०२४ पासून त्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे. महेश्वरच्या घाटावरून नाव केली, की त्या जुन्या वाटेचे अलीकडचे टोक पलीकडच्या तीरावर लागते.