सोलापूरहून वासोट्याला
सातारा जिल्ह्यातील वासोटा ऊर्फ व्याघ्रगड हा वनदुर्ग कोयना अभयारण्यात आहे. हे अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वन विभागाच्या परवानगीविना येथे प्रवेश नाही. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडला की मेट इंदवली लागते. चढण तेथून सुरू होते. गडावर मुक्कामास मनाई असल्याने परतीच्या लाँचची वेळ आधी ठरवूनच चढावे. सोलापूरकरांनी म्हणूनच आदल्या रात्री सातारा वा बामणोली गाठणे इष्ट. वाटाड्या स्थानिकच हवा. वाट मळलेली असली, तरी रानात गवा व अस्वलांचा वावर आहे. शिवाय माळढोकाच्या उघड्या माळरानाला सरावलेल्या नजरेस या गर्द झाडीत दिशा उमगत नाही. पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो. दिवाळीनंतरचे दिवस सोयीचे.