पेचकसाचे टोक

पेचकसाचे टोक : विजेवर किंवा विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या पेचकसाच्या मुखात बसविण्याचा व स्क्रूच्या माथ्यावरील खाचेत शिरून स्क्रू फिरविणारा पोलादी तुकडा. कारखान्यांतून व बाजारात यास ‘बिट’ म्हणतात. पेचकसाला मुंबईकडचे कारागीर ‘डिसमिस’ म्हणतात. टोकाचा मागील भाग षट्कोणी असून त्याच्या समोरासमोरच्या बाजूंमधील अंतर ६.३५ मिमी. (पाव इंच) असते. हे माप सर्वत्र रूढ झाल्यामुळे एका उत्पादकाचे टोक दुसऱ्याच्या यंत्रात बसते. यंत्राच्या मानाने टोकाची किंमत नगण्य असते. परंतु झिजलेल्या टोकाने स्क्रूची खाच कातरली गेली, की तो स्क्रू धड आतही जात नाही व बाहेरही निघत नाही. असा एक स्क्रू काढण्यात जाणारा वेळ टोकांच्या अख्ख्या डबीपेक्षा महाग पडतो.

टोकाचे आयुष्य प्रथम खाचेच्या आकारावर अवलंबून असते. युरोपात पेचकस पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून आढळतो व पुढे दीर्घकाळ त्याला एक सरळ खाचच ठाऊक होती. अशा खाचेत पाते मध्यावर राहत नाही, कडेला घसरते. हाताने काम करताना हा दोष खपून जाई. यंत्राने फिरविताना तो खपण्यासारखा नव्हता. कॅनडातील पी. एल. रॉबर्टसन यांनी १९०८ च्या सुमारास चौकोनी खोबणीचा स्क्रू प्रचारात आणला. पकडीच्या दृष्टीने तो उत्तम होता, तरी त्याचा प्रसार मुख्यतः कॅनडापुरताच राहिला. जगभर पसरली ती अमेरिकेतील हेन्री एफ. फिलिप्स यांची चार पाखांची खाच. मूळ कल्पना जे. पी. टॉम्पसन यांची होती. ती विकत घेऊन व सुधारून फिलिप्स यांनी १९३६ मध्ये पेटंटे मिळविली आणि मोटारगाड्यांच्या जुळणीत तिचा लौकरच वापर सुरू झाला. आपल्याकडे हिला ‘स्टार’ किंवा ‘प्लस’ म्हणतात.

फिलिप्स खाचेच्या बाजू निमुळत्या असल्यामुळे टोक आपोआप मध्यावर बसते, पण जोर वाढताच वर ढकललेही जाते. स्क्रू फाजील पिळला जाऊ नये म्हणून हे मुद्दाम योजलेले होते, असे पुष्कळदा सांगितले जाते. मूळ पेटंटांत तसा उल्लेख नाही. तो नंतरच्या, १९४९ च्या एका पेटंटात येतो. हेतू काहीही असो, टोकाच्या पाखांची झीज बव्हंशी या घसरण्यामुळेच होते. १९६० नंतर आलेल्या पोझिड्राइव्ह खाचेत बाजू जवळजवळ समांतर केल्या असून मुख्य पाखांच्या मधोमध चार बारीक रेघा असतात. १९६७ मध्ये निघालेल्या टॉर्क्स या सहा पाकळ्यांच्या खाचेत घसरणे जवळजवळ नाहीसे झाले. फिलिप्स व पोझिड्राइव्ह ही दोन टोके वरवर सारखी दिसतात आणि एकमेकांच्या खाचेत शिरतातही. टिकत नाही म्हणून फेकून दिलेली कित्येक टोके निकृष्ट नसतात. ती फक्त चुकीच्या खाचेत वापरलेली असतात.

दुसरा बदल शक्तीचा. जर्मनीतील फाइन कंपनीने १८९५ मध्ये हातात धरण्याजोगे विजेचे छिद्रणयंत्र बनविले. ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये तारेविना, घटमालेवर चालणारे छिद्रणयंत्र बाजारात आणले. जपानच्या माकिता कंपनीने १९७८ मध्ये निकेल-कॅडमियम घटमालेचे यंत्र काढले. २००५ च्या सुमारास लिथियम-आयन घटमाला आल्या आणि हलक्या यंत्रांतही मोठी ताकद आली. त्यांपैकी आघाती पेचकसात स्क्रूचा विरोध वाढताच आतील हातोडा ऐरणीवर मिनिटाला सुमारे तीन हजार ठोके देतो. हाताच्या पेचकसात मनगट हीच जोराची मर्यादा होती व त्यामुळे कठीण पाते पुरत असे. आता मनगटाची मर्यादा उरली नाही आणि सर्वांत दुबळा दुवा टोक हाच ठरला.

या बदलाची दोन्ही टोके नाशिकजवळील सातपूर येथे पाहावयास मिळतात. त्र्यंबकेश्वर रस्त्यावरील हे गाव महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) औद्योगिक क्षेत्रामुळे कारखान्यांचे ठाणे बनले व १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिकेत समाविष्ट झाले. टपारिया टूल्स या कंपनीने १९६९ मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारांचे उत्पादन सुरू केले. तिचा कारखाना सातपुरात आहे. तिच्या पकडी, पाने व पेचकस देशभरच्या कारागिरांच्या पिशव्यांत असतात. हातहत्यारे बनविणाऱ्या याच गावात विद्युत् उपकरणांचे कारखानेही आहेत. एबीबी कंपनीचा स्विचगिअरचा कारखाना त्यांपैकी एक होय.

विद्युत् फलकांच्या जुळणीत टोकाची निवड विशेष महत्त्वाची ठरते. तारा जोडण्याच्या अग्रांवरील स्क्रूंच्या माथ्यावर पुष्कळदा सरळ खाच व पोझिड्राइव्ह खाच एकत्र असतात. साधे फिलिप्स टोक त्यांत पूर्ण खोल बसत नाही आणि स्क्रू घट्ट झाल्याचा भास होतो. जोड सैल राहिला तर तेथे उष्णता निर्माण होऊन फलक जळण्याचा धोका संभवतो. उलट फार पिळल्यास प्लॅस्टिकचे कवच तडकते. म्हणून येथे दोन्ही खाचांत बसणारे संयुक्त टोक व ठरावीक जोर होताच सुटणारा क्लच असलेला पेचकस वापरावा. आघाती पेचकस या कामी अगदी अयोग्य आहे.

टोकाच्या पोलादात दोन परस्परविरोधी गुण हवे असतात : झीज होऊ नये म्हणून कठिनता व तुटू नये म्हणून चिवटपणा. लाल तापविलेले पोलाद तेलात विझविले, की ते कठीण पण ठिसूळ होते. मग पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा कमी करतात. हाताच्या पेचकसाचे पाते बहुधा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचे असते. शक्तिचलित पेचकसाच्या टोकांना मात्र ‘एस २’ या वर्गाचे आघातसह पोलाद अधिक मानवते. त्यात सिलिकॉन व मॉलिब्डेनम असून त्याची कठिनता रॉकवेल सी मापाने सुमारे ५८ ते ६२ असते. याहून कठीण टोक दुकानात आकर्षक वाटते. आघाती पेचकसात ते न झिजता एकदम तुटते. चांगल्या आघाती टोकाची मान मुद्दाम बारीक केलेली असते. ठोका बसताच ती स्थितिस्थापकतेने किंचित पिळली जाते व धक्का पाखांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच सौम्य होतो. २५ मिमी. लांबीची टोके चुंबकी धारकात बसवितात, तर मागे खोबण असलेली ५० मिमी.ची टोके थेट यंत्रात अडकतात. सोनेरी रंगाचा टायटॅनियम नायट्राइडाचा लेप पृष्ठभागाची झीज थोपवितो, पण मुळात मऊ पोलादाला त्याने चिवटपणा येत नाही. रंगावरून टोक घेणारे गिऱ्हाईक येथेच फसते. टोक नवे असताना जुळत्या स्क्रूत उभे घालून यंत्र न लावता सोडावे. डुलत असेल तर त्याची घडण सदोष समजावी.

झिजलेले चपटे टोक सहाणयंत्रावर घासून पुन्हा धारदार करता येते. घासताना ते वारंवार पाण्यात बुडवावे लागते. कडेवर निळसर झाक आली, की त्याचे पाणी उतरले असे कारागीर म्हणतात आणि तेवढा भाग पुन्हा घासून काढतात. चार पाखांचे टोक मात्र अशा रीतीने सुधारता येत नाही. त्याच्या कडा गोल झाल्या, की ते टाकून द्यावे लागते.