सायकलच्या बाटलीची कंबर

माझ्या सायकलच्या बाटलीला कंबर आहे. वरच्या भागात ती गोल आत दबलेली आहे, आणि फ्रेमवर बाटली धरणाऱ्या केजची जीभ नेमकी त्या खाचेत बसते. म्हणून चाक दगडावर आपटलं तरी बाटली सहसा उडत नाही. ती खाच बोटांच्या पकडीसाठी असावी, असंच मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. मग शेगावात 'गजानन विजय' या पोथीच्या पारायणात एक वर्णन कानावर पडलं आणि बाटलीकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी. पोथीकर्त्या दासगणूंनी त्यांच्याजवळच्या वस्तू मोजून सांगितल्या आहेत : अंगावर जुनी बंडी, हाती कच्ची चिलीम आणि पाणी प्यायला एक भोपळा. पुढे पीतांबर या भक्ताच्या कथेत हाच तुंबा पुन्हा येतो. नाल्यात पाणी इतकं कमी की तुंबा बुडायचा नाही. तरी महाराज सांगतात, तुंबाच पाण्यात घाल, आणि तो स्वच्छ पाण्याने भरून येतो. ज्या गावाच्या कथेत पाण्याचं भांडं इतकं ठळक आहे, त्या गावात बसून बाटलीची कुळकथा लिहायची तर सुरुवात तुंब्यापासूनच व्हायला हवी.

तुंबा म्हणजे दुधी भोपळ्याच्याच जातीचं फळ. ते वेलीवर पूर्ण पिकू द्यायचं, वाळवायचं, देठाकडे भोक पाडायचं, पाणी आणि खडे घालून खळखळवून आतला गर नि बिया काढायच्या, आणि पुन्हा उन्हात ठेवायचं. जे उरतं ते मडक्यापेक्षा हलकं आणि पडलं तरी सहसा न फुटणारं भांडं. यातले काही तुंबे मधे आवळलेले असतात, खाली मोठा फुगा आणि वर छोटा. त्या आवळलेल्या जागी दोरी बांधली की तुंबा खांद्यावर नाहीतर काठीला लटकतो. स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेवरचे यात्रेकरूही काठीला असाच भोपळा बांधत.

भोपळ्याच्या कंबरेला दोरी, बाटलीच्या कंबरेला केजची जीभ. माझं म्हणणं एवढंच आहे की ही एकाच गरजेची दोन उत्तरं आहेत : चालत्या माणसाचं पाणी घसरू नये. यावर आक्षेप आहेत. प्लास्टिकला घडी पाडली की भिंतीला ताकद येते, म्हणून खाच, असं एक मत. बोटांच्या पकडीचं दुसरं. दोन्ही फायदे खरे आहेत, पण ताकदीसाठी घडी कुठेही चालली असती आणि पकडीसाठी नुसता खडबडीतपणा पुरला असता. केजची जीभ जिथे येते तिथेच खाच असते, हे त्या दोन्ही मतांतून सुटत नाही.

आता शब्दाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. आपण 'तुंबडी भरणे' म्हणतो ते स्वतःचा फायदा साधून घेण्याला. तुंबडी म्हणजे लहान तुंबा. या वाक्प्रचाराचा उगम काहीजण रक्त काढण्याच्या तुंबडीत शोधतात. पोकळ भोपळा किंवा शिंग अंगाला लावून दूषित रक्त ओढून घ्यायचं, हा जुना उपचार. दुसऱ्याचं रक्त शोषून आपलं भांडं भरायचं, असा अर्थ चपखल बसतो खरा. पण क्रियापद बघा. ती तुंबडी 'लावतात'. 'भरतात' ती गोसाव्याची, भिक्षेची आणि पाण्याची. गोसावी दारोदार फिरतो, प्रत्येक घरचं थोडं थोडं घेतो आणि तुंबडी भरून निघून जातो. माझ्या मते वाक्प्रचार तिथूनच निघाला, आणि रक्ताचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. तसं असेल तर आज निंदेचा झालेला हा शब्द मुळात वाटसरूचं साधं रोजचं काम होता.

भोपळ्याचं एक संस्कृत नाव 'अलाबू' त्याहून लांबचा प्रवास सांगतं. मलय भाषेत भोपळा म्हणजे 'लाबू'. ख्मेरमध्येही त्याच वळणाचा शब्द आहे. म्हणून काही भाषाशास्त्रज्ञ हा शब्द आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोआशियाई कुळातून संस्कृतात आला असं मानतात. विरुद्ध पक्ष म्हणतो, शब्द भारतातून जहाजाने तिकडे गेला. पालीतही 'लाबु' आहेच, मग मलयांना 'अ' गाळण्याचे कष्टही पडले नाहीत. मुद्दा वजनदार आहे. तरी माझा कौल पहिल्या बाजूला आहे. फळाचं नाव बहुधा ते आधी लावणाऱ्यांकडून येतं, आणि त्या कुळाची मुंडा शाखा आपल्यापासून लांब नाही. शेगावहून उत्तरेला सातपुडा आहे, आणि तिथल्या मेळघाटात बोलली जाणारी कोरकू ही मुंडा भाषाच.

फ्रेंचांनी तर गोष्ट शब्दातच जपली आहे. त्यांच्याकडे पाण्याच्या बाटलीला आजही 'गूर्द' म्हणतात, आणि त्याचा मूळ अर्थ भोपळा. वनस्पतिशास्त्रातलं भोपळ्याचं नाव 'लाजेनारिया' लॅटिनमधल्या बाटलीवाचक शब्दावरून पडलं. एकीकडे भोपळ्यावरून बाटली, दुसरीकडे बाटलीवरून भोपळा.

बाटलीचे पुढचे टप्पे थोडक्यात. शर्यतींच्या सायकलींवर आधी बुचाच्या पत्र्याच्या बाटल्या हँडलवर आल्या, मग त्या फ्रेमवर उतरल्या, मग प्लास्टिकच्या झाल्या. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात डोंगर उतरणाऱ्या सायकली घडल्या आणि बाटलीची अडचण झाली. तोंडाला चिखल लागतो, दगडधोंड्यात एक हात सोडून पिता येत नाही, सस्पेन्शनमुळे फ्रेममधली जागाही कमी होते.

इथे दुसरं कूळ मदतीला आलं : पखालीचं. पखाल म्हणजे पय आणि खाल, पाणी आणि कातडं. भिस्ती कातड्याची मसक पाठीवर घेऊन फिरायचा. छागल म्हणजे छागाची, बोकडाची. पुढे कातडं जाऊन जाड कापड आलं, तरी जीपला लटकणाऱ्या पिशवीच्या नावात बोकड राहिला. झिरपणारं पाणी उडून जाताना आतलं पाणी गार ठेवायचं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासातल्या १०० मैलांच्या उन्हाळी सायकल फेरीत मायकेल आयडसन या रुग्णसेवकाने सलाईनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली, जर्सीच्या पाठीला अडकवली आणि नळी खांद्यावरून तोंडाशी आणली. त्यातून 'कॅमलबॅक' ही पाठीवरची पाण्याची पिशवी जन्मली. नाव उंटाचं असलं, तरी वंश भिस्त्याच्या मसकेचा.

दोन्ही कुळांची परीक्षा आमच्याच रस्त्यावर होते. शेगावहून पूर्णा नदी ओलांडून वरवट बकाल, संग्रामपूर, सोनाळा असं अंबाबरव्याच्या डोंगरांच्या पायथ्याकडे निघालं की वाट खारपाणपट्ट्यातून जाते. हापशी दिसते, पाणीही येतं, पण घोट घेतला की तहान भागत नाही, वाढते. एप्रिलच्या एका दुपारी, पायथ्याच्या खडकाळ वाटेवर माझी बाटली उडून फुटली, तेव्हा हे मी जिभेने शिकलो. त्या दिवशी एका शेतातल्या आजीबाईंनी माठातलं गोडं पाणी दिलं, म्हणून धड घरी आलो.

तेव्हापासून माझा हिशेब ठरला आहे. सपाटीवर तुंब्याची लेक फ्रेमवर, डोंगरात पखालीची लेक पाठीवर, आणि उन्हाळ्यात दोन्ही. तुम्हीही या वाटेने निघालात तर वाटेतल्या हापशीच्या भरवशावर निघू नका. घरूनच तुंबडी भरून निघा.