लोहारविद्येच्या दोन शाळा #धागा

१/ वसई तालुक्यातील कामणचा परिसर भातशेतीचा. नांगराचा फाळ, विळा, कोयता, कुऱ्हाड, पहार यांवाचून शेतकऱ्याचे वर्ष सरत नसे. जुन्या गावगाड्यात ही अवजारे घडवणारा लोहार बलुतेदार होता. मोबदला सुगीत धान्यरूपाने मिळे. ही विद्या तो शिके कोठे?

२/ पहिली शाळा घरची. मुलगा आधी भात्याशी बसे. त्यातून आगीचा अंदाज येई. मग हाती घण येई. वडील सांडशीत धरलेले तापले लोखंड ऐरणीवर ठेवीत, हातोडीच्या ठोक्याने जागा दाखवीत आणि घण नेमका तेथे पडे.

३/ सर्वांत अवघड धडा 'पाणी देण्याचा'. लाल तापलेली पोलादी धार पाण्यात बुडवली की कठीण होते, पण ठिसूळही. म्हणून ती पुन्हा बेताने तापवायची. तिच्यावर आधी पिवळसर, मग जांभळट, शेवटी निळी झाक चढते. लवकर थांबले तर धार तुटते. उशीर झाला तर मऊ पडते. ही परीक्षा डोळ्यांची.

४/ दुसरी शाळा मुंबईत. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. १८६६ मध्ये तेथे तीन कार्यशाळा निघाल्या : सजावटी चित्रकला ग्रिफिथ्स यांच्याकडे, मूर्तिकाम लॉकवुड किपलिंग यांच्याकडे, आणि नक्षीदार घडीव लोखंडकाम हिगिन्स यांच्याकडे.

५/ या शिक्षणाचे फळ आजही दिसते. व्हिक्टोरिया टर्मिनस (१८७८-८८), म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, येथील लोखंडी-पितळी कठडे आणि तिकीट खिडक्यांच्या जाळ्या याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे काम. २००४ मध्ये ही वास्तू जागतिक वारसा ठरली.

६/ याच कलाशाळेत काही काळ शिकलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे यंत्रांकडे वळले. त्यांनी लोखंडी नांगर बनवला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. जो फाळ गावच्या ऐरणीवर घडे, तो आता कारखान्यातूनही येऊ लागला.

७/ कलाशाळेत लोखंडाला 'कला' हा मान मिळाला, तो नक्षीपुरता. विळ्याला पाणी देणारा मात्र बलुतेदारच राहिला. जाळ्यांची नोंद इमारतीच्या इतिहासात झाली. पाण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या हातांतूनच पुढे गेली. अशा विद्येला दुसरे दप्तर नसते. भात्याशी बसणारा मुलगा उरला नाही, तर ती एका पिढीत संपते.