खणणाऱ्याचा हक्क : इंग्लंडमधील अलॉटमेंटचा इतिहास

इंग्लंडमध्ये स्वतःची बाग नसलेल्या कुटुंबाला घरापुरता भाजीपाला पिकवता यावा म्हणून ग्रामपरिषद किंवा नगरपालिका जो जमिनीचा लहान तुकडा वार्षिक खंडाने देते, त्यास ‘अलॉटमेंट’ म्हणतात. त्याचे रूढ माप दहा रॉड, म्हणजे सुमारे 250 चौरस मीटर किंवा अडीच गुंठे इतके आहे. या तुकड्याचा इतिहास बहुधा दारिद्र्यनिवारणाचा किंवा युद्धकालीन अन्नटंचाईचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु हिवाळ्याच्या अखेरीस तेथे जी मशागत होते, तिच्या बाजूने पाहिले तर त्या इतिहासाचा गाभा अधिक स्पष्ट होतो.

शरद ऋतूत पिके निघाल्यावर सुरू झालेली खोदाई फेब्रुवारीअखेर संपवावी लागते. जुन्या पद्धतीत खोऱ्याच्या एका पात्याइतका, म्हणजे सुमारे 25 सेंटिमीटर खोल चर काढून त्याच्या तळाची माती काट्याने मोकळी करतात, तीत शेणखत मिसळतात आणि शेजारच्या पट्टीतील वरची माती त्या चरात उलटून टाकतात. असे करत पट्टीमागून पट्टी घेत सगळा तुकडा पालथा घातला जातो. वर आलेली ढेकळे मुद्दाम फोडत नाहीत, कारण त्यांतील पाणी गोठून फुगते व थंडीच ती भुसभुशीत करते. महाराष्ट्रात उन्हाळी नांगरटीनंतर जे काम वैशाखातले ऊन करते, ते तेथे हिमकण करतात. याच दिवसांत बटाट्याचे बेणे उजेडाच्या, थंड जागी मांडून त्याला कोंब येऊ देतात आणि जमीन आम्ल असल्यास तीत चुना घालतात. या साऱ्या कष्टांचे फळ मात्र जूनपूर्वी फारसे हाती लागत नाही, आणि म्हणूनच फेब्रुवारीत खणणाऱ्याच्या ताब्यात तो तुकडा जूनमध्ये असेल याची हमी कोण देणार, हा प्रश्न आरंभापासून या जमिनीला चिकटलेला आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढील सुमारे शंभर वर्षांत ब्रिटिश संसदेने हजारो कायदे करून गावांच्या सामाईक जमिनी आणि गायराने कुंपणांत घातली, व त्यांवर गाय चारण्याचा किंवा सरपण गोळा करण्याचा मजुरांचा जुना हक्क संपुष्टात आणला. 1845च्या कायद्याने अशा वेळी गरिबांसाठी काही जमीन राखण्याची तरतूद केली खरी, परंतु 1869पर्यंत कुंपणात गेलेल्या सुमारे 6 लाख 15 हजार एकरांपैकी त्यांच्या वाट्याला जेमतेम सव्वादोन हजार एकर आले. ही तरतूद नव्हती, तिची विटंबना होती. जेथे तुकडे मिळाले तेथेही ते बहुतांशी जमीनदाराच्या किंवा पाद्र्याच्या मर्जीने मिळत. नांगर वापरू नये, रविवारी काम करू नये अशा अटी त्यांना जोडलेल्या असत, आणि मर्जी फिरली की खणून खत घातलेली जमीन कुळाच्या हातून निघून जात असे.

1887 साली दोन कायदे झाले. स्थानिक संस्थांना अलॉटमेंटसाठी जमीन मिळवण्याचा अधिकार देणारा कायदा अधिक गाजला, तरी त्याच वर्षी पिकांच्या भरपाईसाठी झालेला छोटा कायदा अधिक मूलगामी होता. कारण उभ्या पिकाबरोबरच, मागील पीक काढल्यानंतर पुढील पिकाच्या अपेक्षेने केलेली मेहनत आणि घातलेले खत यांचाही मोबदला, जमीन सोडणाऱ्या कुळाला मिळेल, असे त्याने ठरवले. ज्या मशागतीचे फळ अजून दिसत नाही, तिला येथे कायद्याने किंमत दिली.

1908च्या कायद्याने मागणी असल्यास तुकडे पुरवणे हे स्थानिक परिषदांचे कर्तव्य ठरवले आणि कोणत्याही सहा करदात्यांना तशी लेखी मागणी करण्याचा हक्क दिला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी धान्याची आयात धोक्यात आणल्यावर सरकारने पडीक जमिनी ताब्यात घेऊन वाटल्या, त्यामुळे तुकड्यांची संख्या सुमारे 15 लाखांवर गेली. पण युद्ध संपताच मूळ मालक जमिनी परत मागू लागले, आणि त्या जमिनी खणलेल्या माणसांना निघून जावे लागण्याची वेळ आली. त्या अस्वस्थतेतून 1922चा कायदा आला. कुळाला किमान सहा महिन्यांची नोटीस द्यावी, व तिची मुदत 6 एप्रिल रोजी किंवा त्यापूर्वी, अथवा 29 सप्टेंबर रोजी किंवा त्यानंतर संपावी, असे त्याने घातलेले बंधन म्हणजे पेरणीपासून काढणीपर्यंतच्या काळाला दिलेले संरक्षणच होय.

दुसऱ्या महायुद्धात ‘विजयासाठी खणा’ या मोहिमेखाली लंडनच्या हाइड पार्कमध्येही भाजीचे वाफे पडले आणि कृषी मंत्रालयाने 90 फूट लांब व 30 फूट रुंद तुकड्याचा नमुना आराखडा घरोघरी पोहोचवला. युद्धानंतर, 1950च्या कायद्याने नोटिशीची मुदत सहा महिन्यांवरून बारा महिने केली; 6 एप्रिल आणि 29 सप्टेंबर या दोन तारखा मात्र त्याने बदलल्या नाहीत.