लक्ष्मीच्या नांवाचा रोग

भंडाऱ्याजवळील जवाहरनगर आयुध निर्माणीमुळें प्रसिद्ध असलें, तरी त्याच्या सभोंवारचा मुलूख धानाचा आहे. वैनगंगेचें पाणी आणि जुने मालगुजारी तलाव यांच्या आधारावर येथील शेतकरी पिढ्यान् पिढ्या धान पिकवीत आला. पीक निसवल्यावर कधीं कधीं एखाद्या लोंबींत दाण्याच्या जागीं मखमली गोळा फुगलेला दिसतो. प्रथम तो नारिंगी-पिवळा असतो, पुढें हिरवट-काळा होतो, आणि हात लावतांच त्याची भुकटी बोटांना चिकटते. कृषिशास्त्रांत या रोगास ‘आभासमय काजळी’ म्हणतात.

दक्षिण भारतांत याला ‘लक्ष्मीरोग’ असें नांव पडलें. ज्या वर्षीं गोळे अधिक, त्या वर्षीं पीकही भरघोस, असा लोकांचा अनुभव होता आणि तो निराधार नव्हता. भरपूर पाऊस, दमट हवा व सकस जमीन हीं धानाला मानवतात, तशीं बुरशीलाही मानवतात. चूक झाली ती इतकीच, कीं चोराच्या पावलांना लक्ष्मीचीं पावलें समजण्यांत आलें.

या बुरशीचें पहिलें शास्त्रीय वर्णन भारतांतीलच नमुन्यावरून झालें. तिरुनेलवेलीकडून आलेले गोळे पाहून कुक या इंग्रज शास्त्रज्ञानें 1878 सालीं तिची गणना काजळीच्या बुरशींत केली. 1896 सालीं जपानमधील ताकाहाशी यांनीं ती काजळीच्या वर्गांतून काढून ‘यूस्टिलाजिनॉइडिया व्हायरेन्स’ असें आज रूढ असलेलें नांव दिलें. खरें पाहतां बाजरीवरील अरगट हा तिचा जवळचा आप्त होय. बुरशीचें कुळ असें ओळखलें गेलें. परंतु गोळ्यांत विष कोणतें, हें कळावयास आणखी शतकभर जावें लागलें.

1992 सालीं कोइसो, इवासाकी प्रभृति जपानी संशोधकांनीं गोळ्यांच्या अर्कांतून तें विष वेगळें केलें व त्यास ‘यूस्टिलॉक्सिन’ हें नांव दिलें. अमिनो आम्लांच्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. येथें त्या साखळीचा कांहीं भाग स्वतःशींच जोडला जाऊन तेरा अणूंचें वलय बनलेलें आढळलें. ऑस्ट्रेलियांत ल्युपिन नांवाच्या द्विदल पिकावरील बुरशीमुळें मेंढ्यांचें यकृत बिघडत असे. त्या बुरशीच्या ‘फोमोप्सिन’ विषांतही हेंच वलय होतें. दोन खंडांतील दोन निराळीं पिकें, परंतु विषाची घडण एकच!

पेशीचे दोन भाग होतांना तिच्या आंत ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्म नलिका उभ्या राहतात व त्यांच्या साह्यानें गुणसूत्रें दोहों बाजूंस विभागलीं जातात. यूस्टिलॉक्सिन या नलिकांची उभारणीच होऊं देत नाहीं. विभाजन अर्ध्यावर अडतें. उंदरांवरील प्रयोगांत यकृत व मूत्रपिंड यांच्या पेशींवर त्याचे दुष्परिणाम दिसून आले. 2014 सालीं तर भुईमुगावर वाढणारी ‘अस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशीही यूस्टिलॉक्सिन बी तयार करते व त्यासाठीं लागणारीं जनुकें तिच्यांत आहेत, असें सिद्ध झालें.

या शोधाचें महत्त्व खळ्यावर कळतें. गोळा अख्खा असेपर्यंत शेतकऱ्याच्या डोळ्यांना तो दिसतो. मळणींत एकदां तो फुटला, कीं त्याची भुकटी दाण्यांत व तणसांत मिसळते, आणि तें तणीस गुरांपुढें पडतें. तेथें डोळ्यांचा उपयोग संपतो. विषाची रचना ठाऊक झाल्यामुळेंच प्रयोगशाळेंत आज त्याचें मोजमाप करतां येतें. परंतु प्रयोगशाळा प्रत्येक खळ्यापाशीं नसते. म्हणून गोळे धरलेल्या लोंब्या मळणीपूर्वींच काढून टाकणें आणि त्यांतलें बियाणें न राखणें, हाच शेतकऱ्याच्या हातांतला उपाय होय. लक्ष्मीचें स्वागत अवश्य करावें. मात्र दाराशीं कोण आलें आहे, तें आधीं पाहून घ्यावें.